कृपया स्कूटर आधी आडवी करावी

३ जून २०१३, सोमवार. सकाळी.

नोकरी सोडली. आज पहिला मोकळा दिवस. हिंजवडीची कंपनीची बस कोथरूडच्या स्टॉपवरून माझ्याशिवाय निघून गेली आणि मी गॅलरीत चहा पीत ती जाताना पाहिली. इतकी वर्षं बस चुकली की रिक्षा शोधत धावायचो. आज धावलो नाही. चप्पल मात्र घातली होती.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढे मुलाखती द्याव्या लागतील तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

बायकोशी, म्हणजे पूर्णिमाशी, झालेला करार लिहून ठेवतो. तिने तिच्या कंपनीची ग्लासगोची पोस्टिंग माझ्यासाठी नाकारली. म्हणाली, दिवाळीपर्यंत गेम बाजारात आण. लोक खेळले तर मी परत ग्लासगोचं नाव काढणार नाही. नाही खेळले आणि कंपनीने पुन्हा विचारलं, तर मी जाणार आणि तू मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं. मी लगेच हो म्हटलं. लोक खेळणारच आहेत, त्यामुळे हो म्हणायला काही जात नव्हतं.

गेमचं नाव 'किक'. साल १९८६. पुण्यातला एक साधा माणूस सकाळी स्कूटरवर ऑफिसला निघतो आणि संध्याकाळी घरी येतो. संपलं. जगातल्या सगळ्या गेममध्ये लोक बंदुका घेऊन पळतात. पेट्रोल रिझर्व्हला आलेलं असताना वेळेत ऑफिसात पोचून मस्टरवर सही करणारा हीरो कुणी केलेला नाही.

६ जून.

पहिली लेव्हल कागदावर पूर्ण. विषय: स्कूटर चालू करणे.

आमच्या बाबांची स्कूटर नंबर लावल्यावर कित्येक वर्षांनी आली होती. बाबा रोज सकाळी ती आधी स्वतःच्या अंगावर आडवी करायचे, म्हणजे पेट्रोल नीट उतरायचं. मग सरळ, मग चोक, मग किक. ते बघत मी मोठा झालो. गेममध्ये अगदी तसंच करायचं. मोबाइल डावीकडे आडवा धरायचा, पेट्रोल उतरेपर्यंत थांबायचं, सरळ करायचा, एका बोटाने चोक ओढायचा आणि अंगठ्याने किक मारायची. स्क्रीनवर एकही बटण नाही. बटण हा आळशी लोकांचा शोध आहे.

संकल्प: रोज एक तास कोडिंग शिकणे. मॅनेजर झाल्यापासून फक्त स्लाइडी केल्या.

१७ जून.

रोहन आला. माझ्याच टीममधला, आता नोकरी सोडून माझा भागीदार. कोड तो लिहिणार, दृष्टी माझी. त्याला म्हटलं, आता सर म्हणू नकोस, संजय म्हण. म्हणाला, बरं सर.

९ जुलै.

पहिली लेव्हल मोबाइलवर चालली. रोहनने बराच वेळ प्रयत्न केला, मग विचारलं की सर, सुरुवातीला एक स्टार्टचं बटण देऊ का, पुढचे रस्ते टेस्ट करायचे आहेत. मी त्याला शांतपणे समजावलं की १९८६ साली बटण नव्हतं. म्हणाला, १९८६ साली मोबाइलही नव्हता. रोहन एकोणनव्वदचा आहे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मला मात्र बाकी सगळे टप्पे सहज जमतात, स्कूटर तेवढी अजून चालू व्हायची आहे.

१० जुलै.

कोडिंगचा तास आज नाही. पाऊस.

२८ जुलै, रविवार.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाहीर चाचणी. वरच्या मजल्यावरच्या उल्काताई आणि त्यांची कॉलेजात जाणारी भाची पायल. पायलने मोबाइल आडवा केला, स्कूटर आडवी झाली. तिने लगेच विचारलं, सर, ही पडली, रिस्टार्ट करू का? म्हटलं, पडलेली नाही, पेट्रोल उतरतंय. म्हणाली, ओके, पण कुठे? ही पिढी पंपावर गाडीची टाकी उघडून देते, आत काय होतं याची चौकशी करत नाही.

उल्काताई जन्मभर स्कूटरच्या मागे बसलेल्या. त्या म्हणाल्या, आमचे हे आडवी करायचे तेव्हा मी उतरून लांब उभी राहायचे, मला काय विचारता. मग मोबाइल परत देत म्हणाल्या, तुम्ही नोकरी सोडलीत ती कायमची का?

निष्कर्ष: खेळाडू कमी पडतात. मार्गदर्शन हवं.

१६ ऑगस्ट.

कंट्रोल्समध्ये मोठी सुधारणा. जास्त वेळा किक मारली तर पेट्रोल ओव्हर होतं, म्हणजे इंजिनात नको तेवढं उतरतं. मग थांबावं लागतं. प्रत्यक्षात व्हायचंच. रोहनने डोकं टेबलावर टेकवलं आणि बराच वेळ तसाच बसला. थकला असावा. तरी बिचाऱ्याने रस्ते झकास केलेत म्हणे. डेक्कन, लकडी पूल, कॅम्प आणि मग परतीचा प्रवास. मी अजून पाहिले नाहीत. फसवून पुढे जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. स्कूटर चालू करूनच बघेन.

दुसरी सुधारणा: उघडताक्षणी दिसेल अशी पाटी. पांढऱ्यावर लाल अक्षरं. 'कृपया स्कूटर आधी आडवी करावी. चालू न झाल्यास गाडीस दोष देऊ नये.' पूर्णिमाने ती वाचली आणि म्हणाली, लोक गेममध्ये अपमान करून घ्यायला कशाला येतील? तिला विनोद कळत नाही असं नाही, पण हल्ली दमलेली असते.

८ सप्टेंबर, रविवार.

विश्रांतवाडीला बाबांकडे. मनात धरून होतो की जगात एक माणूस असा आहे जो पहिल्या झटक्यात चालू करील. बापूराव, टेलिफोन खात्यातून निवृत्त, वस्तीत पहिली स्कूटर आणणारे.

बाबा उभे राहिले, मोबाइल दोन्ही हातांनी घेतला आणि अख्खे डावीकडे वाकले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग चोक. मग किक. चालू झाली नाही. परत वाकले. परत नाही. मग आई म्हणाली, अहो, कंबर. तेव्हा बसले.

म्हणाले, संजू, ती आडवी करायचो कारण ती धड चालू होत नव्हती. हौस होती का मला? कंबर गेली माझी त्यात. बटणाची गाडी घेतली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले मी, विसरलास का? मग मोबाइल मला देत म्हणाले, तुझ्या त्या गेममधल्या माणसाला तरी बटण देऊन टाक, काय वाकडं केलंय त्याने तुझं.

येताना फार वाईट वाटलं. स्वतःच्या आयुष्यातलं सौंदर्य माणसाला दिसू नये, यापरतं दुःख नाही. त्यांच्या वतीने ते मलाच जपावं लागणार.

१३ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

गेम प्रसिद्ध झाला. प्ले स्टोअरवर 'किक'. दिवाळीच्या आधी. शब्द म्हणजे शब्द. पूर्णिमाला सांगितलं तर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, आता लोकांना खेळू दे हं संजय. तेच तर करतोय.

१९ ऑक्टोबर.

पहिले अभिप्राय. बहुतेक एक तारा.

एकाने लिहिलंय, गेम ओपन होत नाही. उत्तर दिलं: गेम ओपन होतो, स्कूटर चालू होत नाही. फरक समजून घ्यावा.

दुसऱ्याने लिहिलंय, फालतू कंट्रोल्स. उत्तर दिलं: आपण आयुष्यात स्कूटर चालवली आहे का? नसल्यास आधी ती चालवून यावी.

तिसऱ्याने लिहिलंय, पंचवीस वर्षं स्कूटर चालवली, तरी होत नाही. त्याला उत्तर दिलं नाही. खोटं बोलत असावा.

४ नोव्हेंबर. पाडवा.

आज फराळाच्या वेळी पूर्णिमाने मोठी बातमी दिली. तिच्या कंपनीच्या बसमध्ये अर्धी बस 'किक' खेळते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय. म्हणाली, गेल्या आठवड्यापासून मागच्या सीटवरचेही मागायला लागलेत. तिचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतर फार वेळा पाहिला नाही. म्हणाली, करार पुरा झाला, ग्लासगो विसर.

म्हणजे कंट्रोल्स जमले. मी सुरुवातीपासून हेच सांगत होतो. पाटीचा उपयोग झाला.

बाबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, बटण दिलंस वाटतं. फोन ठेवला.

२७ नोव्हेंबर.

बेंगळुरूच्या एका कंपनीची मेल. कुणाची तरी मेहुणी त्याच बसमध्ये असते, तिच्याकडून त्यांच्या साहेबांपर्यंत गेम गेला. त्यांना 'किक' सगळ्या भाषांत काढायचा आहे. बारा डिसेंबरला पुण्यात येतायत, सेनापती बापट रोडवरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. समोर खेळून दाखवा म्हणाले. रोहन आणि पूर्णिमा दोघांनी टाळ्या दिल्या एकमेकांना. मीही हात पुढे केला होता.

संकल्प: बैठकीच्या आधी रोज सराव.

१० डिसेंबर, मंगळवार.



जेवताना पूर्णिमा सहज म्हणाली की लकडी पुलावरचा तो शिट्टीवाला पोलीस फार गोड आहे, बसमध्ये सगळे त्याची शिट्टी मारतात. मी विचारलं, तू लकडी पुलापर्यंत पोचलीस कशी? घास तसाच हातात धरून म्हणाली, कशी म्हणजे, हेडलाइट दाबून.

हेडलाइट.

रोहनने मला न सांगता स्कूटरच्या हेडलाइटवर अंगठा दाबून धरला की ती आपोआप चालू होईल अशी सोय करून ठेवली आहे. टेस्टिंगसाठी केली म्हणे आणि मग तशीच ठेवली. अर्धी बस हेडलाइट दाबते. पूर्णिमा शेवटच्या लेव्हलपर्यंत जाऊन आली आहे. दोनदा. माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून, माझी बायको माझ्या गेममध्ये कॉपी करत होती.

म्हटलं, म्हणजे कुणी खेळलंच नाही. ती म्हणाली, अरे सगळे खेळले, आवडला म्हणून खेळले, तुझाच गेम आहे ना तो. मी म्हटलं, माझा गेम म्हणजे स्कूटर चालू करणं, पुढचे रस्ते ही सजावट. यावर ती भांडी घासायला उठली. आमच्याकडे भांड्यांना बाई आहेत.

११ डिसेंबर.

रोहन सुट्टीवर गावाला. बरंच झालं. स्वतः कोड उघडला. हेडलाइट शब्द शोधला तर लगेच सापडला, वर इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलेलं: 'सर, प्लीज हे काढू नका.' काढलं. नवीन व्हर्जन प्ले स्टोअरवर चढवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कोड दुरुस्त केला, त्याचा आनंद वेगळाच. ज्ञान कधी वाया जात नाही.

पूर्णिमाने दारात उभं राहून विचारलं, उद्याच्या मीटिंगनंतर नाही का काढता येणार? म्हटलं, उद्या त्यांच्यासमोर खोटं कसं बोलू?

१२ डिसेंबर.

हॉटेलात एसी फार होता. बोटं गार पडली. मी साहेबांना आधी १९८६ समजावून सांगितलं, थोडक्यात, चाळीसेक स्लाइडी. मग मोबाइल आडवा धरला. चालू झाली नाही. पेट्रोल ओव्हर झालं. थांबलो. कॉफी आली. परत धरला. त्यांच्या बरोबरची बाई म्हणाली, मी ऐकलं होतं की हेडलाइट दाबायचा असतो. मी म्हटलं, मॅडम, तो दोष होता, आम्ही दूर केला.

साहेबांनी स्वतः हातात घेतला. अंगठा हेडलाइटवर दाबला, एकदा, दोनदा. मग फोन टेबलावर उपडा ठेवला आणि पुण्यात मिसळ कुठे चांगली मिळते ते विचारलं. मी चार ठिकाणं सांगितली, प्रत्येकाच्या वेळांसकट.

एकंदरीत चांगली ओळख झाली.

१६ डिसेंबर.

रोहन आला, लॅपटॉप घेऊन गेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, तुम्हाला माहितीये का सर, पोलिसाची शिट्टी मी गावाकडे माझ्या काकांकडून रेकॉर्ड करून आणली होती. ते ट्रॅफिकमध्ये होते. तुम्ही ती ऐकलीच नाहीत. जाताना दारात बूट घालत म्हणाला, निघतो संजय.

शेवटी एकदाचं नावाने बोलला. मोकळेपणा यायला वेळ लागतो.

२३ डिसेंबर.

बसमधल्या सगळ्यांनी गेम काढून टाकला. अपडेटनंतर चालू होत नाही म्हणे. पूर्णिमाने हे सांगताना आवाजही चढवला नाही. बातम्यांसारखं सांगितलं.

१४ जानेवारी २०१४.

कंपनीने पूर्णिमाला पुन्हा ग्लासगोचं विचारलं. दोन वर्षं. ती हो म्हणाली. करारात तसंच होतं, माझी तक्रार नाही.

म्हणाली, चल माझ्याबरोबर. तिथे बसून बटण टाक, काय हवं ते कर, पण चल. मी म्हटलं, आत्ता नेमकं कंट्रोल्सचं काम जमत आलंय. आडवं धरायचा कोन बदलतोय. शिवाय पुण्याचा गेम ग्लासगोत बसून कसा होईल, तिथे स्कूटरचा आवाज कुठून आणू? फक्त पंधरा दिवस. तू पुढे हो, मी आलोच.

 म्हणाली, मला एक सांग, तुला हा गेम कुणी खेळायला हवाय का? की सगळ्यांना नापास करायचंय?

प्रश्न चांगला आहे. पुढच्या मुलाखतीत कुणी विचारला तर उत्तर तयार हवं. विचार करतो.

९ फेब्रुवारी, रविवार.

पूर्णिमा गेली. लोहगावला विमानतळावर सोडायला बाबा-आई आले होते. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, अजून वेळ आहे, पुढच्या विमानाने जा. म्हटलं, बाबा, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

आत जाताना पूर्णिमा वळेल असं वाटलं होतं. गर्दी फार होती.

घरी येऊन फार रडू आलं. सर्दी असेल. संकल्प: उद्यापासून सकाळी लवकर उठणे.

१ मार्च.

सकाळपासून सराव. नवा कोन सोपा वाटतो. अजून चालू झालेली नाही, पण जवळ आलो आहे. पंधरा दिवस थोडे पुढे ढकलले.

१४ एप्रिल, सोमवार.

सकाळी बाबांबरोबर जयंतीच्या वंदनेला. पांढरा शर्ट काढला, इस्त्री नव्हती. बाबा म्हणाले, चालतं. पूर्वी शर्ट पूर्णिमा काढून ठेवायची. आईने विचारलं, तिचा फोन आला का? म्हटलं, येईल, सणाचा दिवस आहे.

दुपारी आला. जय भीम वगैरे झालं. म्हणाली, इथे घर घेतलंय. एकटीपुरतं, एकच खोली आहे, पण खिडकी मोठी आहे. मी म्हटलं, एका खोलीत आपण दोघं कसे मावणार? ती म्हणाली, म्हणून तर सांगतेय. तशी ती पहिल्यापासून व्यवहारी. रिकामी जागा कशाला ठेवायची.

 इतक्या महिन्यांत विचारायचं राहून गेलेलं एकदम आठवलं. विचारलं, तू शेवटच्या लेव्हलपर्यंत गेली होतीस ना, तिथे होतं काय?

  म्हणाली, काही नाही रे, तो घरी पोचतो. बायको दार उघडते आणि म्हणते, केव्हाची वाट बघतेय. तो म्हणतो, स्कूटर चालू होत नव्हती.

म्हटलं, आणि मग?

म्हणाली, मग काही नाही. ती दार लावून घेते आणि गेम संपतो.

फोन ठेवला. हे असलं काही मी लिहिलेलं नव्हतं, रोहनने परस्पर घातलंय. काढून टाकायला हवं. कोडमध्ये शोधलं, सापडत नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं म्हणजे कळेल नेमकं कुठे आहे ते. तेवढ्यासाठी आता स्कूटर चालू व्हायला हवी.